बिल एव्हान्स, स्कॉट लफारो, पॉल मोशन: त्या तिघांतला लांब पल्ल्याचा कोण?

खर्ज_षड्ज

जॅझवरचे धागे इथे फारसे निघत नाहीत आणि निघाले की माइल्स डेव्हिसवर सुरू होऊन माइल्स डेव्हिसवरच संपतात. म्हणून हा जरा आडवाटेचा.

२५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये पियानोवर बिल एव्हान्स, डबल बासवर स्कॉट लफारो आणि ड्रमवर पॉल मोशन. दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठकी झाल्या आणि त्या सगळ्या टेप केल्या गेल्या. त्यातून 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' या दोन रेकॉर्डी निघाल्या. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावाजवळ मोटार अपघातात लफारो गेला. वय २५.

इथवरची गोष्ट जॅझ ऐकणाऱ्या बहुतेकांना पाठ असते, आणि ती नेहमी लफारोच्या मृत्यूवर येऊन थांबते. मला त्याच्या पुढचं बोलायचंय. हे त्रिकूट १९५९ च्या अखेरीस जमलं, म्हणजे जेमतेम दीड वर्ष टिकलं. स्टुडिओतल्या दोन रेकॉर्डी ('पोर्ट्रेट इन जॅझ' आणि 'एक्सप्लोरेशन्स') आणि हा एक रविवार, एवढाच मुख्य ऐवज. पण तिघांच्या कारकिर्दी शेजारी शेजारी मांडल्या की मला तरी वाटतं, या त्रिकुटाचा विचार सगळ्यांत लांब नेला तो ड्रमरने. ज्याच्याकडे त्या रेकॉर्डी ऐकताना आपलं सगळ्यांत कमी लक्ष जातं त्याने.

आधी विचार कोणता ते सांगतो. तोवरच्या पियानो त्रिकुटांत वाटणी ठरलेली असे. पियानो गाणार, बास दर मात्रेला एक सूर टाकत चालणार, ड्रमर लय धरणार. मधे बासला एखादं आवर्तन सोलो द्यायचं आणि परत आपापल्या जागी. एव्हान्सला एकामागून एक सोलो नको होते, तिघांनी एकाच वेळी उपज करावी असं त्याच्या मनात होतं. 'पोर्ट्रेट इन जॅझ'मधलं 'ऑटम लीव्ह्ज' ऐका. धून संपते आणि बास चालायच्या ऐवजी पियानोशी बोलायलाच लागतो. एक अर्धं वाक्य टाकतो, दुसरा ते उचलतो. मोशन मधेच गप्प बसतो आणि मग एखादाच सिंबलचा ठोका देतो.

लफारोची कारकीर्द एका परिच्छेदात मावते आणि तरी अजब वाटते. लहानपणापासून क्लॅरिनेट, मग टेनर सॅक्सोफोन. बास हातात घेतला अठराव्या वर्षी, कारण इथाका कॉलेजमध्ये संगीत शिकायचं तर एक तंतुवाद्य यावं लागे. तिथून सात वर्षांत चेट बेकर, स्टॅन गेट्झ, ऑर्नेट कोलमन आणि एव्हान्स अशा बड्या जॅझवाल्यांबरोबर वाजवलं. डिसेंबर १९६० मध्ये कोलमनच्या 'फ्री जॅझ'वर दोन बास आहेत, त्यातला एक याचा आणि दुसरा चार्ली हेडनचा. अपघाताच्या काहीच दिवस आधी तो न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात गेट्झबरोबर वाजवत होता. त्याचा बास एकोणिसाव्या शतकातला, न्यू हॅम्पशायरच्या अब्राहम प्रेस्कॉटने बनवलेला. अपघातात त्याचीही मोडतोड झाली, पुढे तो जोडून पुन्हा वाजता केला गेला.

एव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने जवळजवळ वाजवलंच नाही. १९६२ मध्ये चक इस्रायल्सला बासवर घेऊन परत आला, त्यानंतर एडी गोमेझ आला (१९६६ ते १९७७, अकरा वर्षं!), शेवटी मार्क जॉन्सन आणि ड्रमवर जो लाबार्बेरा. सात ग्रॅमी मिळाल्या. सोबतीला हेरॉइन, आणि अखेरच्या काळात कोकेन. १५ सप्टेंबर १९८० ला गेला, एक्कावन्नाव्या वर्षी.

आणि मोशन? तो २०११ पर्यंत वाजवत होता. त्याच्याबद्दल खाली प्रतिसादांत लिहितो, नाहीतर इथेच खूप लांबेल.

---

डोंबिवली_फास्ट

वाचनखूण साठवली. जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. सुरुवात कुठून करू?

---

अगस्ती

@डोंबिवली_फास्ट, 'वॉल्ट्झ फॉर डेबी' रेकॉर्डमधलं पहिलंच, 'माय फूलिश हार्ट'. पाचेक मिनिटं. त्यात काही कळायची गरजच नाही. डेबी म्हणजे एव्हान्सची पुतणी, भाऊ हॅरीची मुलगी. या भावाने १९७९ मध्ये आत्महत्या केली, आणि त्यानंतरचं एव्हान्सचं वादन फार वेगळं आहे. घाईचं आणि आतून पेटलेलं.

एक सावधगिरी: नावाने शोधाल तर सॅक्सोफोनवाला बिल एव्हान्सही सापडेल. तो वेगळा माणूस, ऐंशीच्या दशकात माइल्सबरोबर होता. आमच्या ऑफिसातल्या एकाने त्याचीच प्लेलिस्ट ऐकून "पियानो कुठाय?" असं विचारलं होतं.

---

दुगुन

खर्जराव, धागा आवडला. मी तबला शिकलोय (शिकतोय म्हणणं बरं), त्या बाजूने दोन गोष्टी.

तुम्ही म्हणता तो 'चालणारा बास' म्हणजे सरळ सरळ ठेका. विलंबित ख्यालात तबलजीने ठेका सोडून गायकाशी बोलायचं ठरवलं तर गायक आधी डोळे वटारेल आणि मग पुढच्या कार्यक्रमाला दुसरा तबलजी बोलावेल. इथे तर ठेका धरायचं काम ज्या दोघांकडे, त्या दोघांनीही तो सोडलाय. मग सम कोण दाखवतं? मी 'ग्लोरियाज स्टेप' हात मोजत ऐकलं. ही लफारोची स्वतःची रचना, सुरुवातीचे तुकडे पाच-पाच बारचे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट). चार-आठच्या सवयीने मोजणारा पहिल्याच आवर्तनात आपटतो. आणि हे तिघं कोणीही सम न दाखवता समेवर बरोबर भेटतात. ठेका वाजत नाहीये, पण तिघांच्याही आत तो चालू आहे.

त्याचीच 'जेड व्हिजन्स' नऊ मात्रांची आहे, पण ती मोजू नका, नुसती ऐका. आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' या रचनेत धून तीनची, सोलो सुरू झाला की चारची. तो सांधा कुठे बदलतो ते पकडून दाखवा.

---

अगस्ती

दुगुन यांच्याशी अर्धा सहमत. हे वाचून लोक 'म्हणजे जुगलबंदीच की' म्हणायला लागतील म्हणून आत्ताच सांगतो. जुगलबंदीत राग एक असतो, दोघं आपापल्या पाळीने मांडतात, चुरस असते. इथे पायाखालची जमीनच सरकत असते. धुनेखालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) ठरलेले असतात, पण एव्हान्स ते मधला सूर काढून, वरचे सूर घालून इतके बदलतो की लफारोला खाली कोणता सूर धरायचा ते त्या क्षणी ऐकूनच ठरवावं लागतं. एव्हान्स पियानोच्या डाव्या हातात मूळ स्वर वाजवायचं बऱ्याचदा टाळतो. ती जागा बाससाठी मोकळी. आणि बास नेमका तिथे न जाता वरच्या पट्टीत गाणं म्हणायला लागतो! म्हणजे तळाला कोणीच नाही. तरी इमारत पडत नाही. यात चुरस कुठेच नाही.

---

खर्ज_षड्ज

@दुगुन, तुमच्या 'आत चालू असलेल्या ठेक्या'वरूनच मोशनकडे येतो.

आर्मेनियन आईबापांचा मुलगा, जन्म १९३१, फिलाडेल्फिया, वाढला प्रॉव्हिडन्समध्ये. कोरियन युद्धाच्या काळात नौदलात होता. एव्हान्सच्या १९५६ च्या पहिल्या रेकॉर्डवरही तोच ड्रमर. लफारो गेल्यावर इस्रायल्सबरोबर तो एव्हान्सकडे राहिला. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात कार्यक्रम चालू असताना मधेच सोडून न्यूयॉर्कला परतला. का? नंतर मुलाखतींत त्याने सांगितलं त्याचा मथितार्थ असा की संगीत दिवसेंदिवस इतकं मवाळ होत गेलं की आपण वाजवतोय की नाही तेच कळेना.

विचार करा. तेव्हा एव्हान्सकडची नोकरी म्हणजे जॅझमधली मानाची जागा. ती सोडून तो पियानोवादक पॉल ब्लेसारख्या, क्लबांत गर्दी न खेचणाऱ्या लोकांकडे गेला. मग पियानोवादक कीथ जॅरेटबरोबर दहाएक वर्षं, चार्ली हेडन बासवर. १९६९ ला वुडस्टॉक महोत्सवाच्या स्टेजवर गायक आर्लो गथ्रीच्या मागे ड्रम वाजवणारा कोण? हाच. पोटासाठी माणूस कुठे कुठे जातो! चाळिशीत पियानो शिकायला लागला, स्वतःच्या रचना करायला लागला, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ईसीएम या रेकॉर्ड कंपनीकडून 'कन्सेप्शन व्हेसल' ही स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड काढली.

आणि मग माझ्या मते त्याची खरी कामगिरी: गिटारवर बिल फ्रिझेल, सॅक्सोफोनवर जो लोव्हानो आणि ड्रमवर स्वतः. बास नाहीच! लफारोने ठेका सोडला होता, मोशनने ठेका धरणारं वाद्यच काढून टाकलं. हे त्रिकूट १९८०च्या दशकापासून तो जाईपर्यंत टिकलं. वर्षानुवर्षं व्हॅनगार्डमध्येच ते वाजवत. त्याच तळघरात.

---

मीनल_जर्सी

खर्ज_षड्ज, व्हॅनगार्डबद्दल थोडी भर. रस्त्यावरून लालसर छताखालचं दार उघडलं की सरळ खाली जिना. खोली त्रिकोणी, टोकाला स्टेज. सव्वाशेच्या आसपास माणसं मावतात, त्यापुढे नाही. मॅक्स गॉर्डनने १९३५ मध्ये सुरू केला तेव्हा तिथे कवितावाचन आणि विनोदी कार्यक्रमही होत, निव्वळ जॅझ नंतर आलं. तो गेल्यावर बायको लॉरेन हिने २०१८ पर्यंत चालवला.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं कडेकोट शांतता असेल. आता बऱ्यापैकी असते. पण १९६१ च्या त्या टेपवर पाहा, ग्लास किणकिणताहेत, कोणी हसतंय, गप्पा तर चालूच आहेत. आपल्याकडे मैफलीत एवढी कुजबुज झाली असती तर बुवांनी तानपुरे खाली ठेवले असते. पहिलं 'ग्लोरियाज स्टेप' चालू असताना वीज गेल्याने टेपही मधेच तुटली. २००५ मध्ये सगळ्या बैठका एकत्र काढल्या त्यात तो तुटलेला तुकडासुद्धा ठेवलाय.

---

कोकणस्थ_नाही

बोलत होती ती माणसं?? समोर हे चालू असताना??

---

मीनल_जर्सी

तेव्हा त्यांच्यासाठी रविवारची दुपार होती आणि कोपऱ्यात एक बँड होता :) हे त्रिकूट जमायच्या सुमाराची एक गोष्ट एव्हान्स स्वतः सांगायचा. न्यूयॉर्कच्याच एका बड्या क्लबात क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनच्या मोठ्या कार्यक्रमाच्या जोडीला यांना ठेवलं होतं. गुडमनच्या मंडळींना मेजवान्या, आणि यांना कोकचे पैसे स्वतःच्या खिशातून. वाजवताना माईक बंद केलेले असत. वैतागून बास आणि ड्रमवाले एकामागून एक सोडून गेले. त्याच गडबडीत मोशन आणि लफारो आले. त्या क्लबने नीट वागवलं असतं तर कदाचित हे त्रिकूट जमलंच नसतं.

---

तळेगावकर

धागाकर्त्याला एक विरोधी मत.

मोशन मोठा, मान्य. पण एव्हान्सला 'लफारो गेल्यावर संपलेला माणूस' करून टाकायची फॅशन आहे आणि तुमच्या लेखातही तिचा वास येतो. तुम्ही त्याच्या एकोणीस वर्षांना पाच ओळी दिल्यात! एडी गोमेझच्या काळातलं १९६८ चं माँत्रो जॅझ महोत्सवातलं ध्वनिमुद्रण ऐका, ड्रमवर जॅक डिजोनेट. तिथे तो मवाळ वगैरे अजिबात नाही. १९६३ मध्ये 'कॉन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ'साठी त्याने एकावर एक तीन पियानो ध्वनिमुद्रित केले, तिन्ही स्वतःच वाजवले, आणि पहिली ग्रॅमी त्यालाच मिळाली. जोडीदार मिळेना तर तिघांचं संभाषण एकट्याने केलं त्याने.

आणि शेवटचं त्रिकूट! ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबर १९८० च्या पहिल्या आठवड्यापर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या कीस्टोन कॉर्नर क्लबमध्ये रोज वाजवलं, ती सगळी ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. शरीर संपत आलेलं आणि बोटांत ही ताकद. एका आठवड्यात माणूस गेला. मार्क जॉन्सन तेव्हा पंचविशीच्या आसपास. म्हणजे पुन्हा एक कोवळा बासवाला घेऊन त्याने नवी भाषा उभी केली होती. लांब पल्ला वर्षांनीच मोजायचा असेल तर मोशन जिंकला. पण हे मोजमाप मला मान्य नाही.

---

खर्ज_षड्ज

@तळेगावकर, कीस्टोनबद्दल तुमच्याशी वाद नाही, ती मीही ऐकतो. पण माझा मुद्दा वर्षांचा नाही. एव्हान्सने पुढच्या प्रत्येक त्रिकुटात तीच मांडणी ठेवली: पियानो मध्यभागी, बासला भरपूर जागा, ड्रमर कडेला. गोमेझ विलक्षण होता, पण त्याच्या सोलोच्या वेळी बाकीचे थांबतात. म्हणजे परत पाळ्या आल्या! १९६१ मध्ये पाळी नव्हती. ते पुढे न्यायचं धाडस मला मोशनच्या त्रिकुटात दिसतं.

'एव्हान्स संपला' असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

---

तळेगावकर

गोमेझच्या सोलोला बाकीचे थांबतात हे सरसकट खरं नाही. १९७४ पासून एव्हान्स-गोमेझ दोघांचीच ध्वनिमुद्रणं आहेत, ड्रमच नाही. तिथे कोण कोणासाठी थांबतं ते सांगा. 'इंट्यूशन' ऐका आणि मग बोलू.

---

दुगुन

इथे वाद रंगलाय तर तेल ओततो. मोशनचं ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, हा वाजवायचं विसरतो की काय. मग एकच सिंबल धरून ऐकलं. तो मात्रा सोडत नाही, मात्रेचा आवाज सोडतो. रिकामी जागा मोजून सोडलेली आहे. हे रियाजाशिवाय येत नाही, आणि येऊनही लपवायला वेगळी हिंमत लागते. लोक टाळ्या वाजवतात त्या वाजवलेल्या बोलांना.

माझं मत खर्जरावांना. (तळेगावकर, रागावू नका. 'इंट्यूशन' लावतोय आत्ता.)

---

शांतादुर्गा

जरा विषयांतर करते, चालेल ना?

आमच्या गोव्याकडच्या वाजंत्र्यांना, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोन-व्हायोलिन वाजवणाऱ्यांना, चाळीस-पन्नासच्या दशकांत मुंबईच्या ताजमध्ये आणि इतर हॉटेलांत जॅझ वाजवून पोट भरता येत होतं. हळदोण्याचा चिक चॉकलेट त्यातला मोठा. पण हॉटेलात माणसं नाचायला यायची. नाचणाऱ्याला ठेका लागतोच, तो सोडून बोलत बसलात तर मॅनेजर दारात. आणि दिवसा स्टुडिओ. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला तो ब्रासचा झणका कुठून आला ते सगळ्यांना माहीत आहे. अशा लोकांकडे हात होते, कान होते, पण तिघांनी बसून एकमेकांचं ऐकायचं, लोक नाचो न नाचो, अशी सव्वाशे माणसांची खोली नव्हती. १९७८ पासून जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला तेव्हा मुंबईच्या रंगभवनात लोक बसून ऐकायला लागले, पण तोवर त्या पिढीचा बराच काळ चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रांत गेला होता.

कारकिर्दीबद्दल बोलताय म्हणून लिहिलं. नुसत्या कलाकाराने कारकीर्द होत नाही, एक मॅक्स गॉर्डनही लागतो.

---

अगस्ती

शांतादुर्गा ताई, यावर वेगळा धागा काढा. नक्की काढा.

---

मीनल_जर्सी

+१. आणि मोशनचीही पोटापाण्याची बाजू होतीच. तो आपल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या आणि मिळालेल्या पैशांच्या नोंदी वह्यांत ठेवायचा. शेवटच्या वर्षांत त्याने न्यूयॉर्कबाहेर जाऊन वाजवणं जवळजवळ थांबवलं होतं, परदेश दौरे बंद. ज्याला ऐकायचंय त्याने व्हॅनगार्डला यावं. ऐंशीव्या वर्षापर्यंत लोक येत होते.

---

कोकणस्थ_नाही

शीर्षकावरून वाटलं तिघंही म्हातारपणापर्यंत वाजवत राहिले. आता 'माय फूलिश हार्ट' ऐकलं. दोनदा. मागे एक बाई बोलतेय असं वाटतं, तिच्यासकट आवडलं.

प्रश्न: लफारोच्या रेकॉर्डी मुळात त्याच्या नावावर का नाहीत?

---

खर्ज_षड्ज

स्वतःच्या नावाची रेकॉर्ड काढायला त्याला वेळच मिळाला नाही. पण निर्माता ऑरिन कीपन्यूजने 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड'मध्ये नेमकं तेच केलंय. पाच बैठकींतून निवड करताना बास पुढे असलेली ध्वनिमुद्रणं घेतली, पहिली रचना 'ग्लोरियाज स्टेप' आणि शेवटची 'जेड व्हिजन्स', दोन्ही लफारोच्या. मुखपृष्ठावर त्याचं नावही आहे. उरलेलं, पियानो पुढे असलेलं, वर्षभरात 'वॉल्ट्झ फॉर डेबी' म्हणून आलं. म्हणून दोन्ही लागोपाठ ऐकताना एकाच दिवसाचे वाटत नाहीत.

---

डोंबिवली_फास्ट

मी मोशनचं बासविना त्रिकूट लावलं ('इट शुड हॅव हॅपन्ड अ लाँग टाइम अगो'). खरं सांगू? फ्रिझेलची गिटार मला अंगावर आली. शिवाय ती इलेक्ट्रिक आहे. त्या जुन्या रेकॉर्डींमधला लाकडाचा आवाज कुठे गेला?

---

तळेगावकर

हा खरा प्रश्न आहे, धागाकर्ते! (एव्हान्सनेही १९७० च्या सुमारास इलेक्ट्रिक पियानोला हात लावला होता, म्हणून फार उड्या मारत नाही.)

---

खर्ज_षड्ज

मान्य, फ्रिझेलची सवय व्हायला वेळ लागतो. काहींना कधीच होत नाही.

@डोंबिवली_फास्ट, मग तुमच्यासाठी 'अ‍ॅट द डीअर हेड इन'. सप्टेंबर १९९२, पेन्सिल्व्हेनियातला एक छोटा क्लब. पियानोवर कीथ जॅरेट, बासवर गॅरी पीकॉक, ड्रमवर मोशन. तिन्ही अस्सल लाकडाची वाद्यं. पीकॉकनेही १९६३ च्या डिसेंबरात एव्हान्स आणि मोशनबरोबर 'ट्रायो ६४' केलं होतं, म्हणजे घराणं तेच. जॅरेटचं नेहमीचं त्रिकूट पीकॉक आणि डिजोनेटचं, तोही एव्हान्सकडे वाजवून गेलेला.

या रेकॉर्डची सुरुवात 'सोलार'ने होते, आणि 'सोलार' १९६१ च्या रविवारीही वाजवलं होतं. दोन्ही एकापाठोपाठ लावा आणि फक्त ड्रम ऐका. मधे एकतीस वर्षं आहेत.

---

दुगुन

दोन्ही लावली. ९२ मध्ये तो ठेका धरून वाजवतोय की! सरळ, चालता, झुलता. खर्जराव, तुमच्या सिद्धांताचं काय करायचं आता?

---

तळेगावकर

:D

---

खर्ज_षड्ज

ऐकतोय परत.